आजीचा फोटो आणि नातवाचा कॅमेरा



मागच्या महिन्यात आमच्या वस्तीत एका वयोवृद्ध उपासिकेच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांशेजारी कालकथित आजींचा फोटो ठेवला होता. तो मतदान ओळखपत्रावरून मोठा करून आणलेला, पार फुटलेला. ‘आजी अशी नव्हती,’ म्हणत नातीने तोंड फिरवले. घरात तीन मोबाईल. पण आजींचे जे काही फोटो होते, ते एक फोन बिघडला तेव्हाच गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. त्या सोहळ्याचे फोटो आपण आदराने भिंतीवर लावतो. पण त्या गर्दीत आपला आजोबा कोणता, हे बोट ठेवून दाखवू शकतील अशी घरे किती?

त्या आजींचा नातू आता कामाला लागला आहे. थोडे पैसे साठवून तो विचारायला आला, ‘काका, जास्त मेगापिक्सलचा कॅमेरा कोणता?’ मी म्हटले, मेगापिक्सलच्या मागे लागू नकोस. आठ बाय बारा इंचाची उत्तम प्रिंट काढायला नऊ-दहा मेगापिक्सल पुरतात. आठ-दहा वर्षांपूर्वीच्या कॅमेऱ्यातही त्याहून जास्त असतात. म्हणून बॉडी जुनी घे आणि वाचलेले पैसे लेन्सवर घाल.

कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ची लेन्स उन्हात, जयंतीच्या मिरवणुकीत झकास चालते. पण आपले कार्यक्रम कुठे होतात? विहारात, संध्याकाळी, दोन ट्यूबलाइटखाली. तिथे ती लेन्स झूम केली की तिचे तोंड एफ ५.६ एवढेच उघडते. एफ १.८ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. त्यामुळे हललेले फोटो कमी होतात, आणि वंदना चालू असताना भन्तेजींच्या तोंडावर फ्लॅश मारण्याचा आगाऊपणाही टळतो.

५० मिमीची एफ १.८ लेन्स स्वस्त मिळते, चेहरे सुंदर काढते. मात्र सर्वसाधारण छोट्या सेन्सरच्या बॉडीवर ती जवळचे दाखवते. आपल्या दोन खोल्यांच्या घरात मागे सरता सरता पाठ भिंतीला लागते. घरच्यासाठी ३५ मिमी बरी, साधारण डोळ्याला दिसते तेवढे तीत मावते. निकॉनच्या डी ३००० किंवा डी ५००० मालिकेतील बॉडी घेणाऱ्याने एक ध्यानात ठेवावे : त्या बॉडीत फोकसची मोटर नसते. ‘एएफ-डी’ लिहिलेली जुनी लेन्स लावली, तर फोकस हाताने करावा लागतो. ‘एएफ-एस’ लिहिलेली मागावी.

आता खास आपल्या लोकांचा मुद्दा. कार्यक्रमात सगळे उपासक-उपासिका पांढऱ्या कपड्यांत. चौकटीत पांढरे जास्त दिसले की कॅमेऱ्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो फोटो काळपट काढतो. कपडे राखाडी, चेहरे काळेठिक्कर! मग स्टुडिओवाला संगणकावर चेहऱ्याला पावडर फासल्यासारखे गोरे करून देतो. त्याची गरज नाही. अधिक-उणेच्या खुणेचे बटण दाबून अधिक एकवर ठेवा. माणूस आपल्या रंगात दिसतो. आपला रंग पुसून फोटो चांगला होतो, हे मला तरी मान्य नाही. अकोल्यात जन्मलेले सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो वर्षानुवर्षे काढले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो जरूर पाहावेत. अंगावरच्या घाणीसकट माणूस ताठ दिसतो.

जुनी लेन्स घेताना तीतून टॉर्चचा उजेड आरपार पाडून पाहावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसले तर ती बुरशी. कितीही स्वस्त असो, घेऊ नये. बॉडी तपासायला छिद्र बारीक, एफ १६ ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. सेन्सरवर धूळ असेल तर ठिपके उमटतात. फोटो कार्डावर आणि आणखी एका ठिकाणी ठेवावेत; निवडक चार-पाच मात्र कागदावर काढून घ्यावेत, मागे नाव आणि तारीख लिहून.

नातू येत्या रविवारी नांदेडला जुना कॅमेरा पाहायला जाणार आहे. टॉर्च आठवणीने ने, असे त्याला सांगितले आहे. पहिला फोटो आजोबांचा काढणार म्हणतो. ते मात्र दाढी केल्याशिवाय बसायला तयार नाहीत.