आधी डोळा, मग करवत

"छत किती इंच कापू?"

हॉट रॉड बांधायला घेणारा प्रत्येक जण हाच प्रश्न आधी विचारतो. कॅलिफोर्नियातल्या माझ्या भाच्यानेही तोच विचारला आणि जाणकार म्हणवणारे तिथले मित्र आकडे सांगून मोकळे झाले. कुणी म्हणे तीन, कुणी म्हणे चार. जणू भाजीवाल्याकडे पाव किलो भेंडी मागितली! मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की हा प्रश्नच चुकीचा आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या, स्वस्त फोर्ड गाड्या घेत. मडगार्डं काढून टाकत, इंजिनाची ताकद वाढवत आणि एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांवर त्या पळवत. १९३२ ची फोर्ड विशेष लाडकी, कारण त्याच वर्षी फोर्डने व्ही-एट इंजिन आणलं. छत कापलं ते वारा कमी अडावा म्हणून. मागची चाकं उंच घेतली, कारण एका फेऱ्यात जास्त अंतर कापलं जातं. पुढची चाकं लहान, पुढचा आस खाली; त्यामुळे नाक झुकलं. ते देखणं रूप असं गरजेतून आलं. आता गरज गेली आणि इंच तेवढे उरले!

मी आयुष्यभर मराठी शिकवलं. आर्येतली एक मात्रा काढली की सगळी ओळ लंगडते, हे मुलांना फळ्यावर दाखवावं लागे. गाडीचंही तेच आहे. छत कापलं की काचा अरुंद होतात आणि खालचा दरवाजा एकदम जाडजूड दिसू लागतो. मग तो लपवायला सांगाडा चासीवर खाली बसवायचा. तसं केलं की रेडिएटरची जाळी मान वर काढून उभी राहते, म्हणून ती आखूड करायची. आत जमीन वर आली, म्हणून आसनही जवळजवळ जमिनीला टेकवायचं. शिवाय छताचे खांब तिरपे असतात. मधला तुकडा काढला की वरचं टोक खालच्यावर बसत नाही. मग खांब वाकवा, नाहीतर छत मधोमध कापून लांब करा. एका कापाचं कर्ज असं पाच ठिकाणी फेडावं लागतं.

आणि मोठे कारागीर तरी एक आकडा धरून बसले होते का? बॅरिस बंधूंच्या कारखान्यातली १९५१ ची 'हिरोहाटा मर्क' घ्या. ती हॉट रॉड नव्हे, कस्टम. पण धडा तोच. तिचं छत पुढे सुमारे ४ इंच कापलं आणि मागे सुमारे ७. का? तर बाजूने पाहताना छताची रेघ एका ओघात मागे उतरावी म्हणून. तिथे डोळ्याने ठरवलं, पट्टीने नंतर मोजलं.

दुसरी खोड थोरल्या रिमांची. वीस इंची रिम आणि त्यावर पापडासारखा टायर! धाकट्याने थोरल्याचे बूट घातल्यागत गाडी दिसते.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "गाडी माझी, आवड माझी." रंगाबद्दल हे मला मान्य. निळी करा, जांभळी करा. पण पुढच्या काचेची फट झाली आणि सिग्नल बघायला मान वाकडी करावी लागली, तर त्याला आवड कशी म्हणायची? रंग पुन्हा देता येतो. कापलेला खांब जोडता येतो, पण ते काम कापण्याहून कितीतरी किचकट.

म्हणून क्रम उलटा करा. जे टायर शेवटी राहणार तेच आधी चढवा. गाडी जितकी खाली बसवायची तितकी बसवा. वीस-पंचवीस पावलं लांब जाऊन आसाच्या उंचीवरून बाजूचा फोटो काढा. त्या फोटोवर छत कात्रीने कापून बघा; कागद स्वस्त असतो. पुष्कळदा लक्षात येईल की चाकं आणि उंची जमली की छताला फारसा हात लावायची गरजच नाही.

उचलली करवत अन् लावली छताला, हे काही कारागिराचं लक्षण नव्हे. भाचेबुवा, वाचताय ना?