न आलेल्या बायकांचाही हिशेब

उस्मानाबाद जिल्ह्यातल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचणीचे निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाले. गावांचे 52 गट पाडून कोणाला कोणती तपासणी हे यादृच्छिक पद्धतीने ठरवले होते. एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीच्या गटात 34,126 बायका होत्या. त्यांतल्या 27,192 जणींनी तपासून घेतले. सुमारे आठ वर्षांत या गटात 34 जणी या रोगाने दगावल्या, तर नेहमीच्या सेवेवर असलेल्या 31,488 बायकांत 64. संशोधकांनी हिशेब धरला तो गटातल्या सगळ्यांचा, आलेल्यांचा आणि न आलेल्यांचाही. आक्षेप इथेच निघतो: ज्या 6,934 जणींची तपासणी झालीच नाही, त्यांचे मृत्यू तपासणीच्या माथी का मारायचे? त्यांना वगळा आणि तपासलेल्यांचीच तुलना करा.

हे वगळणे मला मुळीच मान्य नाही. जिची मजुरी बुडते किंवा जिला घरून सोडत नाहीत, ती बाई दुसऱ्या गटातही असतेच. पण तिथे बोलावणेच गेलेले नसल्याने ती ओळखू येत नाही. एका बाजूची चाळणी झाली आणि दुसरी तशीच राहिली, की गटांचा सारखेपणा संपला. सांगितलेले पाळणाऱ्या आणि न पाळणाऱ्या माणसांतला फरक किती मोठा असू शकतो, ते अमेरिकेतल्या ‘कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट’ या हृदयविकारावरच्या औषधांच्या प्रयोगाने 1980 मध्ये दाखवले. औषध नसलेली गोळी नेमाने घेणाऱ्या पुरुषांत पाच वर्षांत 15.1 टक्के मृत्यू झाले, ती चुकवणाऱ्यांत 28.2 टक्के. गोळीत काहीच नव्हते. फरक माणसांत होता.

तरीही आक्षेपामागची गरज खरी आहे. झाशीत अशी मोहीम काढली आणि निम्म्याच बायका आल्या, तर उस्मानाबादचा आकडा तसाच उचलता येणार नाही. त्यासाठी रीतसर वाट आहे. वय आणि गावांचे गट बाजूला ठेवून ढोबळ गणित केले, तर दर लाख बायकांमागे सुमारे 104 मृत्यू कमी झाले. गटातल्या जवळजवळ 80 टक्के बायका आल्या होत्या. त्या प्रमाणाने भागले की बोलावल्यावर येणाऱ्या बायकांपुरता फायदा लाखामागे 130 निघतो. इथे कोणाला वगळलेले नाही, मूळ तुलना शाबूत आहे. रोगाचे प्रमाण आणि उपचारांची सोय सारखी धरली, तर निम्म्या हजेरीला 65 हा अंदाज बांधता येतो.

यावर कोणी म्हणेल, हा भागाकारही गृहीतकावरच उभा आहे: नुसत्या बोलावण्याने, तपासणीविना, कोणाचा जीव वाचत नाही. बरोबर आहे. बोलावणे आल्यामुळे सावध झालेली बाई अंगावरून जाताच डॉक्टरकडे गेली असेल, तर 130 हा आकडा फुगलेला ठरेल. शिवाय भागाकाराने पुरावा बळकट होत नाही. अनिश्चिततेची कक्षाही तितकीच रुंदावते. पण हे गृहीतक उघड मांडलेले आहे, त्यावर वाद घालता येतो, न आलेल्यांच्या घरी जाऊन ते तपासताही येते. न आलेल्यांना गाळणाऱ्या हिशेबातही एक गृहीतक असते, येणारी आणि न येणारी बाई सारखीच असल्याचे. ते मात्र कोणी लिहून ठेवत नाही.