शेक पुरे, आता शिकवा



फिजिओथेरपिस्टने नावाआधी ‘डॉ.’ लावावे की लावू नये, यावर दोन्ही बाजूंनी चाललेला वाद मी वाचते आहे. ८ सप्टेंबर हा जागतिक फिजिओथेरपी दिन. २०२५ साली त्याच्या दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘डॉ. लावू नका’ असे पत्र काढले आणि तिसऱ्या दिवशी ते मागेही घेतले. या भांडणात माझ्यासारख्या रुग्णाला काही देणेघेणे नाही. पाटीवर काय लिहिले आहे यापेक्षा पडद्याआड काय चालते, ते मी जास्त जवळून पाहिले आहे. माझी तक्रार त्याबद्दल आहे.

आमच्याकडे फिजिओथेरपीला सहसा कोणी फिजिओथेरपी म्हणत नाही. ‘शेक घ्यायला चाललेय’ असे म्हणतात. चार वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा आखडला. मधुमेह असलेल्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, हे मला नंतर कळले. वेणी घालता येईना, हात पाठीमागे जाईना. फळ्यावर तीस वर्षे लिहिलेला हात कानाच्या वर जाईना. एका केंद्रात पंधरा सिटिंगचे पैसे आगाऊ भरले. रोज जायचे, खाटेवर पडायचे, खांद्याला पॅड बांधून करंट घ्यायचा, मग जेली लावून मशीनचा दांडा फिरवून घ्यायचा. बटण दाबणारा मुलगा वेळ संपल्याची घंटा वाजली की पडदा सारून यायचा. शेजारच्या खाटेवर कोणाच्या मानेला वजन लावलेले असायचे, त्यापलीकडे कोणाच्या कमरेला. पंधरा दिवसांत एकानेही मला ‘बाई, हात वर करून दाखवा बघू’ असे म्हटले नाही. आणि खरे सांगायचे तर मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. ऊब बरी वाटायची, घरी येऊन चहा होईपर्यंत दुखणे कमी असायचे.

सोळाव्या दिवशी पुतणीच्या ओळखीने एक थेरपिस्ट मुलगी भेटली. तिने मशीनकडे पाहिलेसुद्धा नाही. माझा हात कुठपर्यंत जातो ते कोनमापकाने मोजून वहीत लिहिले. दाराच्या चौकटीला कप्पी आणि दोरी बांधायला लावली, भिंतीवर बोटांनी पायऱ्या चढायला लावल्या, टेबलाला टेकून ओणवे होऊन हात लंबकासारखा सैल सोडायला शिकवला. बोटे जिथवर पोहोचतील तिथे रोज पेन्सिलीने खूण करायची. ‘काकू, थोडे दुखणारच, पण रात्रीची झोप उडेल इतके दुखू द्यायचे नाही,’ हे तिचे प्रमाण. सात महिन्यांनी माझी वेणी मी घातली. हा आजार पुष्कळदा काळाच्या ओघात आपणहूनही सैल होतो, तेव्हा सगळे श्रेय व्यायामाला देणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पण त्या सात महिन्यांत मला माझ्या खांद्याची भीती उरली नाही, आणि ते काम कुठल्याही करंटने केले नव्हते.

ही केवळ माझी समजूत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, त्यामुळे विषय किरकोळ नाही. त्या सूचनांत रुग्णाला दुखणे समजावून सांगणे आणि व्यायाम यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावणे, अल्ट्रासाउंडचा शेक, त्वचेवरून दिला जाणारा ‘टेन्स’ करंट हे नेहमीच्या उपचारात नको, असे त्यात म्हटले आहे. आता गावोगावच्या केंद्रांचे फलक आठवून पाहा. ‘नको’ म्हटलेल्या गोष्टींचीच यादी तिथे मोठ्या अक्षरात असते. त्या सूचना कंबरेपुरत्या आहेत हे मला ठाऊक आहे, आणि व्यायामाआधी थोडी ऊब दिली तर आखडलेला सांधा हलवायला सोपा जातो, हेही मान्य. पण आमच्याकडे ती थोडी ऊब हाच सगळा उपचार होऊन बसला आहे.

याचा दोष एकट्या थेरपिस्टांच्या माथी मारता येणार नाही. त्या मुलीनेच मला सांगितले, ‘मशीन लावले नाही तर लोक पैसे द्यायला कुरकुरतात. म्हणतात, नुसता व्यायाम तर घरीही होतो.’ आम्हाला पडून राहून मिळणारे औषध हवे असते. शिवाय हिशेब सरळ आहे. चार खाटांवरची चार मशीन एक माणूस सांभाळू शकतो; हात धरून शिकवायचे तर एका वेळी एकच रुग्ण.

खांद्याचे निभावले. दीड वर्षापूर्वी आमच्या ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मात्र या अज्ञानाची किंमत कळली. नवव्या दिवशी घरी सोडले. कागदावर सहा गोळ्या, कोणती जेवणाआधी, कोणती नंतर, सगळे चोख. शेवटी एका ओळीत ‘फिजिओ’. कोणते व्यायाम, किती वेळा, कोणाकडे, काहीही नाही. झटक्यानंतरचे पहिले तीन महिने मेंदू नवी वाट शोधायला सर्वांत तयार असतो, आणि ती वाट एकच हालचाल पुन्हा पुन्हा करून पडते, हे आम्हाला कोणी सांगितलेच नाही. मग जो तो शहाणा. एकाने रबरी चेंडू दाबायला दिला. वास्तविक ह्यांची मूठ आपोआप मिटत होती, अडचण ती उघडण्याची होती. एकाने पारव्याचे रक्त चोळायला सांगितले. माझा भाऊ त्यांना उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचा. त्याने खांदा सांध्यातून सैल झाला आणि आता तो दुखतो. या सगळ्यात पाच आठवडे गेले.

पुढे ऑक्युपेशनल थेरपी करणाऱ्या एक बाई घरी आल्या. तोपर्यंत हा शब्दही आम्ही ऐकला नव्हता. त्यांनी आधी नाडी नाही पाहिली, न्हाणीघर पाहिले. कमोडजवळ भिंतीला दांडा, उंबऱ्यापाशी लाकडी उतार, खाटेची उंची दोन विटांनी वाढवलेली. चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या मुठीचे रबर चढवले. पाटावर स्टीलचे दोन खिळे ठोकून दिले. त्यात बटाटा रोवला की एका हाताने सोलता येतो. सदरा घालताना आधी अधू हात, काढताना आधी चांगला हात, एवढे साधे सूत्र, पण तोवर रोज सकाळी आमच्याकडे रडारड व्हायची. त्यांच्या फीच्या पावत्या विमा कंपनीने परत पाठवल्या.

आम्हा फलटणकरांनी तर हा शब्द ऐकलेला नसावा, याची मला लाज वाटली. कमला निंबकर हे नाव इथे शाळेमुळे घरोघरी माहीत आहे. त्या मूळच्या अमेरिकन. ऑक्युपेशनल थेरपी शिकून आल्या आणि १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या विद्येची देशातली पहिली शाळा सुरू केली. दोन वर्षांनी या क्षेत्राची अखिल भारतीय संघटना उभी राहिली, तीही त्यांच्याच पुढाकाराने. इतका जुना वारसा असूनही तालुक्याच्या ठिकाणी पॅरालिसिसच्या रुग्णाला चेंडू आणि पारवा मिळतो.

कायद्यांची वाण नाही. या दोन्ही व्यवसायांच्या परिषदेसाठी महाराष्ट्राने २००२ सालीच कायदा केला, केंद्राचा २०२१ मध्ये आला. मग पडद्याआडच्या त्या बटण दाबणाऱ्या मुलाची नोंदणी कुठे आहे, हे तपासायला कोणी का येत नाही? ‘डॉ.’वर खर्च झालेल्या शाईतला थोडा भाग इकडे वळला असता तर बरे झाले असते.

माझे मागणे मोठे नाही. अर्धांगवायू, खुब्याचे हाड मोडणे, गुडघा बदलणे अशा रुग्णाला घरी सोडताना थेरपिस्टने नातेवाइकांना समोर उभे करून उठवणे, बसवणे, कुशीवर वळवणे एकदा करून दाखवावे आणि कागदावर गोळ्यांइतक्याच नेमकेपणाने व्यायाम लिहून द्यावा. उपजिल्हा रुग्णालयातून थेरपिस्ट आठवड्यातून एक दिवस गावांत फिरवावा. विमा कंपन्यांनी मशीनच्या आणि घरी येऊन शिकवणाऱ्याच्या अशा दोन्ही पावत्या निदान एकाच नजरेने पाहाव्यात.

आणि जे वाचक उद्या सकाळी शेक घ्यायला जाणार आहेत, त्यांनी खाटेवर पडण्याआधी एवढेच विचारावे: ‘घरी गेल्यावर मी काय करायचे, ते दाखवता का?’ दाखवले नाही, तर पुढच्या सिटिंगचे पैसे भरू नयेत.

— एक निवृत्त शिक्षिका, फलटण