यंदाची सहल कुठे न्यावी?

आमच्या शाळेची सहल दरवर्षी पंढरपूर नाहीतर अक्कलकोटला जाते. देवदर्शन होते, ते चांगलेच. पण माझ्या मते यंदा सोलापूरचे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र बघावे. ते १९३३ साली सुरू झाले. पावसाच्या पाण्यावर पीक कसे काढायचे, हे तिथले काम. आपली मालदांडी ३५-१ ज्वारीसुद्धा आपल्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रावर निवडलेली. गुरुजींनी सांगेपर्यंत मला वाटायचे, ती देवानेच दिली.

ज्वारीला तीन कोळपण्या द्याव्यात अशी शिफारस आहे. तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात. शेवटची दातेरी कोळप्याने, म्हणजे काळ्या रानातल्या भेगा बुजतात अन् ओल उडत नाही. मागच्या साली आमच्या अण्णांनी तिसरी दिलीच नाही. म्हणाले, "दोन झाल्या की! बैलाचं भाडं कुठनं आणू?" भेगा एवढ्या पडल्या की माझा चेंडू आत गेला. कणसे बारीक राहिली, कडबा विकत घ्यावा लागला. मी अण्णांना दोष देत नाही. भेगेतून ओल जाते हे त्यांना कुणी दाखवलेच नव्हते.

म्हणून सहलीला प्रत्येक घरचे एक मोठे माणूस न्यावे, आणि पेरणीनंतर आठवा आठवडा लागायच्या आत न्यावे. अण्णा "बघू" म्हणालेत.