पीएनआर नसलेल्याच्या पोटाचं काय?

बंगळुरूहून सोलापूरला येताना दर वेळी मी ठरवतो की गाडीत जेवायचं नाही. आणि दर वेळी ऑफिसातून थेट स्टेशन गाठतो, डबा राहतोच. मागच्या खेपेला आठच्या सुमारास जेवणवाला आला. मी व्हेज थाळी घेतली, शंभरची नोट दिली. त्याने ती खिशात घातली आणि पुढे सरकला. मेल-एक्स्प्रेस गाड्यांत साध्या शाकाहारी थाळीचा ठरलेला दर ८० रुपये आहे. बिल मागितलं तर म्हणाला, "मशीन चार्जिंगला लावलंय, भाईजान." समोरचे काका माझ्याकडे असे बघत होते, जणू तमाशा मीच करतोय.

प्रश्न वीस रुपयांचा नव्हता, असं अशा वेळी म्हणायची पद्धत आहे. माझा वीस रुपयांचाच होता. एका गाडीत शेकडो थाळ्या विकल्या जातात, गुणाकार तुम्ही करा. त्या पोराला यातले किती मिळतात हे मात्र मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तक्रार जुनी आहे. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाबद्दल वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं, त्यात मुंबई-मद्रास गाडीतल्या घाणीसोबत तिथल्या चहाचीही हजेरी घेतली होती. तेव्हा स्टेशनांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळं मिळायचं. बरोबर शंभर वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, कॅगचा अहवाल संसदेत आला. ७४ स्टेशनं आणि ८० गाड्या तपासल्या होत्या. चहा-सरबताला नळाचं अशुद्ध पाणी, उघडे कचऱ्याचे डबे, दरपत्रक नाही, बिल नाही. अहवालाने एक कारणही सांगितलं होतं: धोरण सतत बदलतंय. २००५ मध्ये खानपान आयआरसीटीसीकडे गेलं, २०१० मध्ये रेल्वेने परत घेतलं, २०१७ मध्ये पुन्हा आयआरसीटीसीकडे आलं. आमच्या धंद्यात याला आर्किटेक्चर तीनदा बदलून बग तसाच ठेवणं म्हणतात.

२०१७ च्या धोरणाने एक गोष्ट मात्र खरंच बदलली. स्वयंपाक आणि वाढप वेगळं झालं. जेवण बेस किचनमध्ये शिजवायचं, गाडीत फक्त गरम करून वाटायचं. कागदावर हे योग्यच आहे. हलत्या डब्यात शेगडीवर कढई ठेवण्यापेक्षा जमिनीवरचं स्वयंपाकघर स्वच्छ ठेवणं सोपं, आणि आगीची भीतीही कमी. पण पूर्वी पँट्री कारपर्यंत चालत जाऊन डोकावता यायचं. आता जेवण कुठे शिजलं, किती वाजता शिजलं, हे खाणाऱ्याला दिसत नाही. त्यासाठी पाकिटावर क्यूआर कोड द्यायचं ठरलं, किचनचं नाव आणि पॅकिंगची तारीख सांगणारा. माझ्या थाळीवर तो नव्हता.

दुसरा बदल खिडकीचा. एसी डब्याची खिडकी उघडत नाही आणि अनेक थांबे दोन मिनिटांचे. कर्जतचा वडा, शेगावची कचोरी खिडकीतून हातात पडायची, ते संपत चाललंय. त्याच्या जागी ई-केटरिंग आलं: पीएनआर टाका, हॉटेल निवडा, जेवण सीटवर येतं. मी वापरतो, चांगलं चालतं. पण सिस्टीमची चावी पीएनआर आहे, आणि जनरलच्या तिकिटाला पीएनआर नसतो. ज्या डब्यात माणसं दारात आणि संडासाजवळ बसून दोन-दोन दिवसांचा प्रवास करतात, तो डबा या सिस्टीमला दिसतच नाही. पँट्रीवालाही तिथे गर्दीमुळे शिरत नाही.

२०२३ पासून काही स्टेशनांवर जनरल डब्यासमोर २० रुपयांत पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि लोणचं मिळू लागलं. गेल्या काही वर्षांतला रेल्वेच्या खानपानातला हा सगळ्यात शहाणा निर्णय आहे असं मला वाटतं. वंदे भारतच्या ट्रेचे फोटो आपण शेअर करतो, या स्टॉलचे कुणी करत नाही. दर्जा मोजायचाच तर इथे मोजा: स्टॉल रात्री अकराला उघडा असतो का? पुऱ्या संपतात का? पाणी मिळतं का?

आता आपल्या घरातली गोष्ट. आपल्यापैकी बहुतेक जण गाडीत मुकाट्याने व्हेज घेतात, कारण चिकन कसं कापलंय हे सांगणारं कुणी नसतं. २०२३ मध्ये वंदे भारतमधल्या एका प्रवाशाचा व्हिडिओ फिरला. चहाच्या पाकिटावर 'हलाल' पाहून तो कर्मचाऱ्याला जाब विचारत होता, आणि तो बिचारा समजावत होता की साहेब, चहा शाकाहारीच असतो. आपण तेव्हा खूप हसलो. मला आता वाटतं, मी काय खातोय हे विचारायचा हक्क त्याला होता, तितकाच मलाही आहे. उत्तर पाकिटावर छापलेलं असावं, चहा वाटणाऱ्या पोराला त्यासाठी झापायची वेळ येऊ नये.

घरचा डबा हा आपला जुना उपाय. पण ऑगस्ट २०२४ मध्ये धुळे-मुंबई गाडीत, इगतपुरीजवळ, लेकीकडे कल्याणला निघालेल्या जळगावच्या एका म्हाताऱ्या माणसाला बरणीत मांस आहे म्हणून मारहाण झाली. तेव्हापासून अम्मी डब्यात खिमा देत नाही. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी देते. ती म्हणते, भाकरी टिकते म्हणून. मी पुढे विचारत नाही.

तर त्या रात्री मी १३९ वर फोन केला, मग रेल मदद ॲपवर तक्रार टाकली. बिल नाही तर जेवण फुकट, असं रेल्वेनेच जाहीर केलेलं आहे, तेही लिहिलं. थोड्या वेळाने एक सुपरवायझर आला, वीस रुपये परत देऊन म्हणाला, "तक्रार बंद करा ना, सर." मी विचारलं, बाकीच्यांचे? तो हसला. तेवढ्यात समोरच्या काकांनी आपली नोट आठवून हात पुढे केला. मग वरच्या बर्थवरची मुलगीही खाली उतरली.