शुल्क माफ, खर्च बाकी

'शिक्षण मोफत' हे शब्द आपल्याकडे फार सहज उच्चारले जातात. जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आर्थिक दुर्बल, मागास व इतर मागास प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. निर्णय स्वागतार्हच आहे. तरीही परभणीतून पाहताना प्रश्न पडतो की, शुल्क म्हणजेच शिक्षणाचा खर्च काय?

गंगाखेड तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातील मुलगी डोळ्यांसमोर आणावी. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातात. हिला परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात प्रवेश मिळतो. शुल्काची चिंता मिटते. पण खोलीभाडे, मेस, एस.टी., पुस्तके आणि घरी बुडणारी तिची मजुरी यांचे काय? हा हिशेब कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

शासनाला याची जाणीव नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 मध्ये स्वाधार योजना सुरू झाली. मोठी शहरे वगळता इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी तेव्हा वर्षाला 43,000 रुपये ठरले: भोजनासाठी 25,000, निवासासाठी 12,000 आणि निर्वाहासाठी 6,000. दहा महिन्यांचे सत्र धरले, तर जेवणासाठी दिवसाला सुमारे 83 रुपये होतात. रक्कम तुटपुंजी आहे, पण निरुपयोगी नाही. माझा आक्षेप रकमेपेक्षा तारखेविषयी आहे.

खोलीमालक भाडे महिन्याच्या आरंभी मागतो. मेसवाला आगाऊ पैसे घेतो. अर्ज, पडताळणी, हजेरीचा दाखला हे सारे उरकून मदत खात्यात येते, तोवर मुलीने उसनवारी केलेली असते. मग त्या पैशांतून शिक्षण होत नाही, कर्ज फिटते. आणि ज्याला उसने देणारा कुणी नाही, तो त्याआधीच गावी परतलेला असतो.

ऑक्टोबर 2015 मध्ये, दुष्काळाच्या दिवसांत, लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयीन मुलीने आत्महत्या केली. घरात एस.टी.च्या पासापुरतेही पैसे नव्हते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने वाचले. त्यानंतर दुष्काळग्रस्त भागातल्या विद्यार्थ्यांना मोफत पास मिळाला. मदत आली, पण उशिरा.

आपल्या पूर्वसुरींना हे नेमके कळले होते. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडण्यास आधार दिला. भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. खेड्यातल्या पोराला शिकवायचे, तर आधी त्याच्या अंथरुणाची आणि भाकरीची सोय लागते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही.

म्हणून मागणी साधी आहे. विद्यापीठांनी वसतिगृहांतील जागा वाढवाव्यात, आणि निर्वाहभत्ता प्रवेशाच्या दिवसापासून दरमहा आगाऊ द्यावा. कागदपत्रांची पडताळणी मागाहून खुशाल व्हावी. विद्यार्थी पळून जात नाही. भूक मात्र पडताळणीसाठी थांबत नाही.