प्रशस्तिपत्रांची थप्पी आणि पुराव्याची विद्या

महाड-पोलादपूरच्या खेड्यांतून आपली मुले-मुली आता मुंबई-पुण्याच्या विधी महाविद्यालयांत जाऊ लागली आहेत. कुठे बापाने कारखान्यात राबून, कुठे आईने परक्याच्या शेतात भाताची लावणी करून हे शिक्षण उभे केले आहे. अशा घरांतून आम्हांला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : महाविद्यालयात असताना मुलाने कोणकोणत्या उपक्रमांत भाग घ्यावा, म्हणजे पुढे नोकरी लवकर लागेल ? प्रश्न रास्त आहे. पोटाचा विचार करणे हे पाप नव्हे. परंतु या प्रश्नाला बाजारात जे उत्तर मिळते ते खोटे आहे. आमचे भांडण त्या उत्तराशी आहे.

ते उत्तर असे : प्रशस्तिपत्रे जितकी अधिक, तितकी नोकरी जवळ. म्हणून पैसे भरून निबंधस्पर्धेत नाव घाला. दोन दिवसांच्या ऑनलाइन शिबिराचा दाखला घ्या. उमेदवारीचा कागद वकिलाच्या कचेरीची पायरी न चढताच ओळखीने मिळवा. असे पंधरा-वीस कागद जमविलेले पदवीधर आम्ही पाहिले आहेत. त्यांच्यापुढे साधा सातबारा ठेवला, तर त्यातील ‘इतर अधिकार’ या रकान्याचा अर्थ त्यांना सांगता येत नाही. प्रस्तुत लेखकही या चुकीतून गेला आहे. वक्तृत्वाची पदके घेऊन तो वकिलीत आला, आणि पहिली कैफियत लिहावयास बसला तेव्हा त्याची लेखणी पहिल्याच परिच्छेदात अडली. ज्याला नोकरी द्यावयाची असते तो ही पोकळी पहिल्याच दिवशी ओळखतो. मग आईबापांनी त्या कागदांसाठी मोजलेले पैसे कोणाच्या खिशात गेले ?

वास्तविक विधीच्या विद्यार्थ्याने काय शिकावे, हे महाडच्या माणसाला दुसऱ्याने सांगण्याची गरज नाही. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे आपले लहान मूलही जाणते. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात विरोधकांनी महाडच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून 14 तारखेस तात्पुरता मनाई हुकूम मिळविला, आणि ते प्रकरण पुढे नऊ वर्षांहून अधिक काळ चालले, हे किती घरांत सांगितले जाते ? 8 जून 1931 रोजी महाडच्या न्यायालयाने दाव्याचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूने दिला. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयाने 1933 साली विरोधकांचे अपील फेटाळले. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनीही तोच निकाल कायम केला.

हे कशाच्या बळावर घडले ? सभेतील टाळ्यांच्या बळावर नव्हे. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादिकालापासून चालत आली आहे, असे वादींचे म्हणणे होते. ते त्यांना पुराव्याने सिद्ध करता आले नाही. ज्या रूढीपुढे पिढ्यान्‌पिढ्या माना वाकल्या, ती साक्षीपुराव्याच्या कसोटीस उतरली नाही. परंपरेने सांगितले म्हणून मानू नका, पारखून घ्या, हा भगवान बुद्धांचा कालामांना उपदेश. न्यायालयातील विद्या याहून वेगळी ती काय ?

म्हणून उपक्रम निवडण्याची कसोटी एकच : याने मला एखादी गोष्ट सिद्ध करता येऊ लागेल काय ? मूट कोर्ट अवश्य करावे. पण चषकासाठी नव्हे, तर दोन्ही बाजूंचा युक्तिवाद स्वतःच्या हाताने लिहिण्यासाठी. बार कौन्सिलच्या 2008 च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची उमेदवारी सक्तीची आहे. खटल्यांचे कामकाज प्रत्यक्ष पाहून त्याची टिपणे ठेवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे. हे आठवडे महाडच्या न्यायालयात, खटले चालविणाऱ्या वकिलाच्या हाताखाली घालवा. विधि सेवा समितीत बसा. 1987 च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या व्यक्तीस आणि स्त्रियांस मोफत विधी साहाय्याचा हक्क दिला आहे, तो किती जणांना माहीत आहे? जुलै 2021 मध्ये तळिये येथे आणि पोलादपूर तालुक्यात दरडींनी माणसे गिळली. अशा वेळी मागे उरलेल्यांना मृत्यूचा दाखला, वारसाची नोंद, जमिनीचा फेरफार हे सारे लागते. तो अर्ज लिहिणारा हात आपल्या मुलाचा का असू नये ?

कोणी म्हणेल, “अशा गावठी कामाने मोठी नोकरी कशी मिळणार ?” त्यांनी डोळे उघडून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाच्या 20 मे 2025 च्या निर्णयाने कनिष्ठ स्तरावरील न्यायाधीशाच्या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक ठरविली आहे. तेथे स्पर्धेचे चषक उपयोगी पडत नाहीत. कंपनीलाही करार वाचणारा व नोटिशीचे उत्तर लिहिणारा माणूसच हवा असतो. बाबासाहेबांनी स्वतः व्यापारी कायदा शिकविला; त्या वाटेचा आम्हांस विटाळ नाही. सनदेचे दारही आता स्वस्त झाले आहे : 30 जुलै 2024 च्या निकालानुसार अनुसूचित जातीच्या उमेदवाराकडून नोंदणीसाठी 125 रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही. बौद्ध झाल्याने हा हक्क जातो, अशी भीती नवदीक्षितांनी बाळगू नये. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे.

दोष केवळ बाजाराचा नाही. तो आपल्या पुढाऱ्यांचाही आहे. 20 मार्च आणि 14 एप्रिल आला की विधीच्या विद्यार्थ्याला व्यासपीठावर उभे करावयाचे, आणि उरलेले वर्षभर तहसील कचेरीत आपल्या म्हातारीचा अर्ज मात्र परक्याकडून पैसे देऊन लिहून घ्यावयाचा, ही कोणती समाजसेवा ?

मातापित्यांनो, सुट्टीत मूल घरी आले म्हणजे त्याची प्रशस्तिपत्रे मोजू नका. घरातला सातबारा त्याच्यापुढे ठेवा व म्हणा, “बाळा, हा आम्हांला समजावून सांग.” त्याला सांगता आले, तर तुमचे पैसे वाया गेलेले नाहीत. न आले, तर अजून वेळ गेलेली नाही. त्याला उद्याच महाडच्या न्यायालयाचा रस्ता दाखवा.

जय भीम !